विंडोज ११चं अपग्रेड दर वेळी अडतंय? मशीन कशाला अडतंय ते आधी पाहा, मग ठरवा

लक्षण असं. कधी अपग्रेड सुरूच होत नाही. कधी सुरू होतं आणि मध्येच एखादी चूक दाखवून थांबतं. आणि कधी टक्के चढत जातात, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, आता झालंच म्हणेपर्यंत काळ्या पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस मेड टू युअर कॉम्प्युटर' ही ओळ येते. तासाभराने समोर परत विंडोज १०, जसं होतं तसं. आठवड्याने सेटिंग्जमध्ये तेच आमंत्रण पुन्हा. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या) दुकानात एकाच मशीनवर हे चार वेळा झालं आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. आम्ही मात्र पहिले काही आठवडे एकच दुखणं समजून 'परत प्रयत्न करा' दाबत राहिलो.

म्हणून हे सविस्तर लिहिते. अपग्रेड का होत नाही आणि अपग्रेड करावं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. मशीन कुठे अडतंय ते नीट शोधलं, तर त्याने पुढे जावं की आहे तिथेच राहावं याचं उत्तरही बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

दुकानात दोन मशीन आहेत. एक आय५-८४००. त्यावर बिलं, ईमेल, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आणि युनिकोडमधलं, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतलं काम. दुसरं आय३-६१००, बाबांनी घेतलेलं. त्यावर पेजमेकर हा पानं जुळवायचा जुना प्रोग्राम आणि जुनं मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर डोंगलशिवाय, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीशिवाय उघडत नाही आणि डोंगल एकच, त्यामुळे ती गरजेप्रमाणे या मशीनवरून त्या मशीनवर फिरायची. शेवटी खरी गाठ या डोंगलपाशीच होती.

घाई कितपत आहे, ते आधी सांगते. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही, फायली उघडतात, प्रिंट निघते. फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलरइतकी रक्कम. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही सोय चालते. मोठ्या कार्यालयातली, डोमेनला म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती नियंत्रणाला जोडलेली मशीन यात येत नाहीत. म्हणजे ज्याला आज निर्णय घेता येत नाही त्याला थोडी उसंत मिळते. आमच्या घरच्या लॅपटॉपला मी तीच दिली आहे.

पहिलं अडणं: 'हा पीसी विंडोज ११च्या अटी पूर्ण करत नाही'

हा संदेश दिसला की लोक थेट नवीन मशीनची चौकशी करायला म्हापसा-पणजी गाठतात. थांबा. आधी प्रोसेसरचा नंबर वाचा. इंटेलमध्ये आय३, आय५च्या पुढच्या चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ८४०० म्हणजे आठवी, ६१०० म्हणजे सहावी. दहाव्या पिढीपासून पुढे नंबर पाच आकडी झाले, तिथे पहिले दोन आकडे वाचायचे. विंडोज ११ला मोजके अपवाद सोडले तर आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय). रॅम ४ जीबी हे कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात ८ नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आमचं ८४०० आठव्या पिढीचं, तरी नकार. कारण टीपीएम. ही सुरक्षेची सोय या पिढीच्या प्रोसेसरसोबत असतेच, पण असेंबल केलेल्या पुष्कळ मशीनमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये बंद असते. तपासायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रनची चौकट उघडायची आणि त्यात इंग्रजी अक्षरांत टीपीएम, टिंब, एमएससी असं टाइप करायचं. 'कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही' असं आलं तर बहुधा ती बंद आहे. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. आमच्याकडे ती 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या आत दोन पायऱ्या खाली मिळाली. चालू केली, एफ१० दाबून सेव्ह केलं, आणि तेच मशीन पात्र ठरलं. एक रुपयाही खर्च नाही.

इथे एक काळजी मनापासून सांगते. बायोसला हात लावण्याआधी डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तेवढ्यापुरतं थांबवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन ती की मागतं. ती नसेल तर आतल्या सगळ्या फायलींवर पाणी सोडावं लागतं.

टीपीएम आहे पण बायोस मोड 'लेगसी' म्हणजे जुना दाखवतोय, अशीही मशीन असतात. त्यांची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. ती जीपीटी या नव्या पद्धतीची करायला विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. त्यात आधी 'व्हॅलिडेट' करून बघता येतं, डेटा जात नाही. पण मुख्य पार्टिशन (डिस्कचे भाग) तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं. आणि रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये यूईएफआय निवडायला विसरू नका, नाहीतर मशीन सुरू होणार नाही.

दुसरं अडणं: 'सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही'

सी ड्राइव्हवर ९० जीबी मोकळी आणि तरी जागा कमी म्हणून चूक, हे आधी डोक्यातच शिरेना. जागा सी ड्राइव्हवर कमी नसते. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं, लपलेलं पार्टिशन असतं, बहुतेक वेळा १०० एमबीचं. मशीन सुरू होण्याच्या फायली तिथे असतात. काही अँटीव्हायरस आणि काही कंपन्यांची बायोस अपडेट तिथे आपल्या फायली टाकून ठेवतात, आणि अपग्रेडला हवी असलेली थोडीशी जागाही उरत नाही.

यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे: त्या पार्टिशनमधले फॉन्ट काढून टाका. मी दिवसभर फॉन्टवर जगणारी. 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमधलं सगळं डिलीट करा, हे वाचून माझा हात माऊसवरच थांबला. पण हे फॉन्ट मशीन सुरू होतानाच्या पडद्यावर वेगवेगळ्या भाषांतला मजकूर दाखवण्यापुरते असतात. आपल्या कागदपत्रांच्या फॉन्टशी त्यांचा काही संबंध नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'माउंटव्हॉल' कमांडने त्या पार्टिशनला तात्पुरतं वाय हे अक्षर द्यायचं, मग आत ईएफआय, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट, त्यात फॉन्ट्स असं उतरायचं आणि फक्त त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फायली काढायच्या. एक पायरी वर बूट फोल्डर आहे. तिथे डिलीट दाबलं तर मशीन उठणार नाही. माझा दादा हार्डवेअरचं काम करतो, तो फोनवर होता आणि प्रत्येक एंटरच्या आधी मी त्याला ओळ वाचून दाखवत होते. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्याला सोबत घ्या, लाजू नका.

तिसरं अडणं: लाईट

आमच्या धंद्याला मोकळा वेळ मिळतो तो जेष्ठ-आषाढात. चवथीच्या आधी आरत्यांची पुस्तकं, देणगीच्या पावत्या, भजनाच्या पत्रिका. चवथ संपते तोवर दिवाळी येते, आणि कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रा आणि नाटकं. अंत्रुजातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या गावागावांत जत्रेला मराठी नाटक लागतं आणि प्रत्येक नाटकाची हस्तपत्रिका हवी असते. तेव्हा मशीन दोन दिवस बंद ठेवायची सोय नाही. म्हणून अपग्रेडला आषाढ. आणि आषाढातच फांदी तारेवर पडते नि लाईट जाते.

पडदा ४८ टक्क्यांवर असताना गेली. यूपीएस होता, पण बॅटरी तीन वर्षांची. चार मिनिटं शिट्टी वाजली आणि बसली. लाईट आल्यावर मशीनने स्वतःच जुनं विंडोज परत उभं केलं, फायली वाचल्या. दर वेळी वाचतीलच याचा भरवसा नाही.

तेव्हापासून आम्ही असं करतो. अपग्रेडच्या आदल्या दिवशी मशीन आणि मॉनिटर चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढतो आणि घड्याळ लावतो. वीस मिनिटं टिकला नाही तर आधी बॅटरी बदलायची, मगच अपग्रेड. दुसरं, सेटिंग्जमधून थेट अपग्रेड करत नाही. विंडोज ११ची आयएसओ फाइल (सगळं विंडोज एकाच फायलीत), पाच जीबीहून मोठी असते, आधी कधीतरी उतरवून ठेवायची आणि तिच्यातून सेटअप चालवायचा. सुरुवातीला 'अपडेट आत्ता नकोत' निवडायचं. नेट पावसात तुटलं तरी काम अडत नाही आणि लाईटवर अवलंबून राहायचा वेळ बराच कमी होतो.

चौथं अडणं, आणि मूळ दुखणं

आता टीपीएम चालू, पार्टिशनमध्ये जागा, नवी बॅटरी. तरीही रीस्टार्टनंतर मागे फिरलं. या वेळी कोड आला, शून्य-एक्स-सी१९००१०१ने सुरू होणारा. शेपूट वेगवेगळं असू शकतं, पण सुरुवात ही असेल तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा असतो. कुठला ड्रायव्हर, ते कळायला मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं मोफत साधन आहे. नाहीतर सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या 'डॉलर विंडोज टिंब टिल्ड बीटी' फोल्डरमध्ये सोर्सेस आणि त्यात पँथर असं फोल्डर असतं. तिथली सेटअप-एरर लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि खालून वर वाचायची. शंभर ओळींत नव्वद निरर्थक वाटतील. पण आमच्याकडे एक ड्रायव्हर फाइल पुन्हा पुन्हा येत होती आणि तिचं नाव मी ओळखलं. डोंगलच्या ड्रायव्हरची फाइल होती.

मग सगळं सोडवलं. डोंगल, स्कॅनर, कार्ड रीडर काढले, फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवले. डोंगलचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, जुना अँटीव्हायरसही काढला. रीस्टार्ट. पाचव्या वेळी अपग्रेड पन्नास मिनिटांत पार.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण डोंगल परत लावायची होती. त्याच आठवड्यात एका देवस्थानच्या समितीचे काका काउंटरवर आले. 'बाय, गेल्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारखा बदल.' गेल्या वर्षीची पत्रिका म्हणजे पेजमेकरची फाइल, जुन्या फॉन्टमधली. नव्या विंडोजवर पेजमेकर उघडला. फॉन्टची फाइल टाकल्यावर मजकूरही नीट दिसला. जुने मराठी फॉन्ट विंडोज ११वर दिसतात, छापतातही, ही भीती काढून टाका. अडलं टाइप करताना. त्या फॉन्टमध्ये लिहिण्याचा कीबोर्ड डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचा, आणि विंडोज सिक्युरिटीत 'मेमरी इंटिग्रिटी' ही असुरक्षित ड्रायव्हर अडवणारी सोय चालू असली की तो जुना ड्रायव्हर लोड होत नाही. मी युनिकोडमध्ये 'पालखी' टाइप करून पेजमेकरमध्ये पेस्ट केलं तर त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. काका समोर उभे राहून पडद्याकडे बघत होते.

मेमरी इंटिग्रिटी बंद केली असती तर ड्रायव्हर चालला असता. दादाने तेच सुचवलं. मी नाही म्हटलं. याच मशीनमध्ये दिवसाला दहा-पंधरा अनोळखी पेनड्राइव्ह शिरतात, त्यातल्या एखाद्यात शॉर्टकट व्हायरस असतोच. तिथलं कुंपण एका ड्रायव्हरसाठी तोडणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

म्हणून डोंगल कायमची दुसऱ्या मशीनवर गेली. ते मशीन विंडोज १०वरच राहणार आहे. एक तर सहावी पिढी. दुसरं, डोंगलच्याच कारणाने त्यावर बाबांनी ३२ बिटचं विंडोज टाकून घेतलेलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होतच नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. ३२ बिटचे ड्रायव्हरही मग चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि अबाउट उघडून 'सिस्टम टाइप'ची ओळ वाचा. तिथे ३२ बिट दिसलं, तर अपग्रेड का होत नाही याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ घालायच्या युक्त्या आहेत, मला माहीत आहेत. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पोटापाण्याच्या मशीनवर मी ते करणार नाही. जुनं मशीन फक्त ब्राउझिंग आणि पत्रं लिहिण्यापुरतं असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका, मराठी टंकन त्यात चांगलं चालतं. डोंगल मात्र विसरा.

अपग्रेडच्या आधी काय तपासावं

फायलींचा बॅकअप सगळेच सांगतात, मीही सांगते. पण डी ड्राइव्हची नक्कल काढली म्हणजे झालं असं नाही. डेस्कटॉपवरचं सगळं आणि बाहेरून टाकलेल्या फॉन्टच्या फायली वेगळ्या उतरवून ठेवा. जुन्या प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीकडे आहे का ते आधी बघा. जीएसटी किंवा टेंडरसाठी डीएससी टोकन (डिजिटल सहीचं) वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर विंडोज ११वर चालतो का हे सीएच्या ऑफिसात विचारा, आणि ते रिटर्न भरायच्या आठवड्यात विचारू नका.

ज्यांनी डिस्क पुसून नव्याने विंडोज ११ टाकलं त्यांना एक अनुभव हमखास येतो. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट यादीत दिसत नाहीत, जुन्या वर्ड फायली वेगळ्याच दिसतात, ओळी पुढच्या पानावर जातात. फॉन्ट हरवलेले नसतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' हे शोधून जोडा, चारही परत येतात. निर्मला यूआय तेवढा आधीपासून असतो.

आणि परतीची वाट. अपग्रेडनंतर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक'चं बटण दहा दिवस असतं. दुकानाला दहा दिवस पुरत नाहीत. महिन्यातून एकदाच लागणारा प्रिंटर, तिमाहीला लागणारं टोकन, हे दहा दिवसांत तपासून होत नाही. ती मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण दहा दिवसांच्या आतच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजी अक्षरांत: डीआयएसएम, मग तिरपी रेघ आणि ऑनलाईन, मग तिरपी रेघ आणि सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो, मग तिरपी रेघ, व्हॅल्यू, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ६०. सेट आणि ओएसच्या मध्ये आडवी रेघ आहे, ती सोडू नका. त्या काळात डिस्क क्लीनअप करताना 'मागचं विंडोज' या खुणेला हात लावू नका, ती काढली की परतीची वाट गेली. आमच्याकडे एकेचाळिसाव्या दिवशी कळलं की लिफाफे छापायचा जुना प्रिंटर नव्या मशीनवर कागद वाकडा ओढतोय. मागे जायची गरज पडली नाही, ड्रायव्हर बदलून भागलं. पण निर्णय माझ्या हातात होता, हे त्या दिवशी फार मोलाचं वाटलं.

सध्या आमची घडी अशी बसली आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त विंडोज ११वाल्या मशीनला लागतो. तिथे तो स्कॅन होतो, हवी ती फाइल आमच्या लाल पेनड्राइव्हवर येते आणि तोच लाल पेनड्राइव्ह पलीकडच्या मशीनला जातो. पलीकडचं मशीन नेटवर नाही. दुकानातल्या मुलाने सवयीने केबल लावू नये म्हणून त्याच्या पाठीमागच्या लॅनच्या भोकावर मी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे आणि वर पांढऱ्या कागदावर लिहिलंय: पेजमेकर आणि डोंगल फक्त. काकांची पत्रिका त्याच मशीनवर झाली, आणि 'पालखी' जशी हवी तशीच छापून आली.